परेराबाईंची वजाबाकी

मालवणच्या किनाऱ्यावर उन्हं कलताना तुम्हाला एक ठेंगणी, साठीकडे झुकलेली बाई समुद्राकडे तोंड करून उभी दिसली, एका हातात चपला, दुसऱ्या हातात मिटलेली छत्री, डोळे अर्धवट मिटलेले आणि ओठ हलताहेत, तर ती प्रार्थना करतेय असं समजून दबक्या पावलांनी बाजूने जाऊ नका. तिला भोवळ आलीय असं समजून पाणीही आणू नका. ती वजाबाकी करतेय.

बाहेरगावचे लोक या दोन्ही चुका करतात. एकदा एका कनवाळू कुटुंबाने तिला धरून खुर्चीत बसवलं, शहाळं पाजलं आणि काय होतंय म्हणून विचारलं. शहाळं संपेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला काही होत नाहीये. ती तुमच्या हॉटेलची पाटी तेवढी जाता जात नाही."

या आमच्या परेराबाई. रोझलीन परेरा. आमच्या कॉलेजात इतिहास शिकवतात. मी त्याच कॉलेजात अकाउंट्स शिकवतो. स्टाफरूममध्ये आमची कपाटं शेजारीशेजारी, आणि त्यांच्या कपाटातल्या आमसुलांचा वास माझ्या कपाटातल्या पुस्तकांना कायमचा लागलेला. दोन तासांच्या मध्ये त्या एक आमसूल तोंडात टाकतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. घरी एकट्याच असतात. धाकटी बहीण म्हापशाला, ती नाताळला येऊन जाते.

इतिहास म्हणजे काय, असं कोणी विचारलं की बाई सांगतात, फार सोपं आहे. जिथे उभे आहात तिथेच राहा आणि जे नंतर आलं ते एकेक करून वजा करा. आधी मोबाइलचा टॉवर. मग पॅराशूट ओढणाऱ्या बोटी, जेटीचं सिमेंट, विजेच्या तारा. मग सुरूची झाडं, कारण तीही कोणीतरी आणून लावली. मग घरांवरची मंगलोरी कौलं उतरवायची आणि माडाच्या झापांनी छपरं शाकारायची. असं करत करत शेवटी समुद्र उरतो, लांब एखादं शीड दिसतं, आणि वाळूत रापणीचं जाळं ओढणारी माणसं. त्यांच्याकडे नीट बघा, म्हणतात. ती माणसं काय बोलत असतील ते ऐका. तेवढं जमलं की पुस्तक उघडायला हरकत नाही.

या कामाला त्यांना समुद्रच लागतो असं नाही. एस.टी. स्टँडवर, बँकेच्या रांगेत, दाताच्या दवाखान्यात, कुठेही चालतं. बाजारात मासळी घेता घेता त्या मध्येच गप्प झाल्या तर कोळणी एकमेकींना खुणावतात की बाई गेल्या, आणि त्या परत येईपर्यंत दुसरं गिऱ्हाईक बघतात.

माझ्या भाच्याच्या लग्नात त्या आमच्या पंगतीला होत्या. माझ्या मावशीने मोठ्या हौसेने ओल्या काजूची उसळ केली होती. बाईंनी पानाकडे पाहिलं आणि मला म्हटलं, मिरची वजा करा. मी केली. मग बटाट्याची भाजी गेली, टोमॅटोचं सार गेलं. हे सगळं बोटीतून आलेलं, म्हणाल्या, पलीकडच्या कुठल्या कुठल्या मुलखातून. आणि मग त्यांचं बोट काजूच्या उसळीवर थांबलं. मावशी वाढायला समोरच उभी होती. ती म्हणाली की काजूची झाडं आमच्या पणजोबांनी लावलेली आहेत. बाई अगदी मायेने म्हणाल्या, "लावली असतीत गो. पण रोप बोटीतसूनच इला."

आमच्या सगळ्या रांगेच्या पानांवर मग भात, वरण, खोबरं आणि एकेक केळं उरलं. मावशी दोन दिवस धुमसत होती. पण पुढच्या लग्नात मी पाहिलं तर ती स्वतःच पाहुण्यांना सांगत होती की मिरची आपली नव्हेच, आणि असं सांगत होती की जणू हा शोध तिनेच परसात लावला.

त्यांचा तास किनाऱ्यावर असला की मी कधी कधी मागे जाऊन बसायचो. मुलं वाळूत डोळे मिटून बसलेली असत आणि बाई छत्री टेकत त्यांच्यामधून फिरत हळू आवाजात एकेक गोष्ट काढून घेत. दुपारची वेळ, डोळ्यांवर ऊन, पापण्यांच्या आत सगळं केशरी. मी हिशेबाचा माणूस, पण माझीही एकदा गंमत झाली. तारा गेल्या, रस्ते गेले, आवाज पातळ होत गेले, आणि लाटेच्या दोन फुटण्यांमध्ये इतकी मोठी जागा झाली की तिच्यात कोणीतरी कोणाला हाक मारतंय असं ऐकू आलं. डोळे उघडले तेव्हा बोटींची इंजिनं शेजारच्या घरातला रेडिओ लागावा तशी पुन्हा सुरू झाली. एका मुलाने त्या दिवशी विचारलं होतं, की बाई, आम्ही पण नंतरच इलेलो, मगे आमका पण वजा करूचा काय? बाई म्हणाल्या, "नाय. तू रव. बघणारो कोणतरी व्हयो."

मी नोकरीला लागलो तेव्हा या बाईंच्या वर्गात मुलं खिडकीच्या कट्ट्यावर बसायची. ते दिवस कधी गेले ते नेमकं सांगता येत नाही. ओहोटीचं पाणी जसं उतरताना दिसत नाही, एकदम खडक दिसायला लागतात, तसं झालं. आधी तत्त्वज्ञान गेलं. तो विषय शिकवणारे सर निवृत्त झाले, त्यांची जागा कोणी भरली नाही, आणि त्यांच्या टेबलावर झेरॉक्सचं मशीन आलं. मग राज्यशास्त्र गेलं. मुलांना दोष कसा द्यायचा. पलीकडे गोव्यात हॉटेलं उभी राहत होती, इथे घरोघरी होमस्टेच्या पाट्या लागत होत्या, आणि आईबापांना मुलगा लवकर कामाला लागायला हवा होता. माझ्या वर्गात बाकं कमी पडायला लागली. ती बाईंच्या वर्गातून आणत. शिपाई बाक न्यायला आला की दुसऱ्या टोकाला बाई स्वतः हात लावायच्या आणि माझ्या दारापर्यंत सोडून जायच्या.

मग कॉलेजात हॉटेलचा कोर्स निघाला आणि त्यासाठी इतिहासाच्याच वर्गात एक स्वागतकक्ष बांधला गेला. चकचकीत काउंटर आला. अरबी समुद्राचा मोठा नकाशा उतरवून भिंतीवर घड्याळं लावली, त्यांच्याखाली लंडन, टोकियो अशी नावं. टोकियोचं घड्याळ पहिल्या आठवड्यातच बंद पडलं. बाईंना तास घ्यायला दुसरी जागा नव्हती. त्या काउंटरच्या मागे उभ्या राहून मराठ्यांचं आरमार शिकवू लागल्या. फक्त डोकं दिसायचं. मुलं आत आली की त्या अगदी गंभीरपणे विचारायच्या, बुकिंग आसा काय?

गेल्या वर्षी प्राचार्यांनी त्यांना बोलावून सांगितलं की पहिल्या वर्षाला निदान पाच मुलं आली नाहीत तर विशेष विषय म्हणून इतिहास बंद करावा लागेल. प्राचार्य काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतः भूगोल शिकवला होता आणि तोही गेला होता. बाई स्टाफरूममध्ये आल्या, आमसूल तोंडात टाकलं आणि मला विचारलं की तुमच्या स्कूटरला मागे धरायला काही आहे का.

मग प्रवेशाच्या दिवसांत मी त्यांना मागे बसवून गावोगाव फिरलो. बाईंच्या प्रचारात एकच खोट होती. त्यांना खोटं बोलता यायचं नाही. कोणत्याही घरी गेलं की चहाबरोबर पहिला प्रश्न यायचा, ह्या शिकान पोराक काय गावतला? बाई खरं तेच सांगायच्या, की काही नाही. पुढच्या वाक्याची कोणी वाट बघत राही, पण पुढचं वाक्य नसायचं. त्याऐवजी त्या परसातली विहीर कोणी खणली असं विचारायच्या, आणि मग आजोबा उठून बसायचे, शेजारी यायचे, विहिरीवरून बंदरावर, बंदरावरून खाडीतल्या गलबतांवर अशी दुपार सरायची. निघताना आमच्या पिशवीत कोणी आमसुलं घालायचं, कोणी झाडावरचे जाम. आचऱ्याच्या एका रिक्षावाल्याने तर आम्हाला कोपऱ्यापर्यंत पोचवलं आणि इतकी छान माहिती जन्मात ऐकली नव्हती म्हणाला. त्याचा मुलगा दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या कोर्सला गेला. बाईंचा इतिहास सगळ्यांना आवडायचा, फक्त तो दुसऱ्याच्या मुलाने शिकावा असं वाटायचं.

तरी चार मुलं मिळाली. दोघांना कुठेच प्रवेश मिळाला नव्हता, एकाला क्रिकेटसाठी वेळ हवा होता, आणि एका मुलीचं वर्षअखेर लग्न होतं. बाई त्या चौघांवरही खूश होत्या. पाचव्या नावासाठी आम्ही वालावलला गेलो.

तिथे लक्ष्मीनारायणाच्या देवळापुढे तळं आहे. बाईंनी आधी तिथेच स्कूटर थांबवायला लावली आणि बराच वेळ पाण्याकडे बघत बसल्या. मग आम्ही घरी गेलो. घर म्हणजे दोन खोल्या. आई काजूच्या कारखान्यात कामाला, बोटं तेलाने काळी पडलेली. वडील नव्हते. मुलीचं नाव ममता. नर्सिंगला अर्ज केला होता, यादीत नाव लागलं नव्हतं. आईने नेहमीचा प्रश्न विचारला आणि बाईंनी नेहमीचं उत्तर दिलं. ममता हसली. आई तिच्याकडे रागाने बघत असतानाच तिने बाईंना विचारलं की तुम्ही तळ्याकडे एवढं काय बघत होता.

बाई तिला घेऊन तळ्यावर गेल्या. पायरीवर बसवून डोळे मिटायला सांगितलं आणि वजाबाकी सुरू केली. समोरचा दिवा गेला, रस्ता गेला, फरशी गेली. संध्याकाळ होत आली होती, पाण्यावर माडांच्या सावल्या लांबत होत्या. मुलगी इतकी स्तब्ध बसली होती की एक चतुर येऊन तिच्या गुडघ्यावर टेकला. बऱ्याच वेळाने तिने डोळे न उघडता सांगितलं, "देऊळ वजा केला, तरी घंटेचो आवाज रवलोच."

बाई छत्री टेकत उठल्या. आम्ही स्कूटरवरून परत निघालो. मालवणचे दिवे दिसू लागले तेव्हा बाई मागून म्हणाल्या की ह्या पोरीला मी आता काय शिकवणार आहे.

ममता इतिहासाला आली आणि बाईंचा विषय वाचला. त्यानंतरचे काही आठवडे मी त्यांना इतक्या उत्साहात कधी पाहिलं नव्हतं. काउंटरच्या मागे त्यांनी उभं राहायला एक पाट आणून ठेवला. टोकियोच्या घड्याळात स्वतः सेल घातला. ममता रोज दोन एस.टी. बदलून यायची आणि तास संपला तरी प्रश्न विचारत त्यांच्यामागून स्टाफरूमच्या दारापर्यंत यायची. एकदा वजाबाकीत तिने आमसूलही वजा करायचा प्रयत्न केला तेव्हा बाई तिच्याशी अर्धा तास भांडल्या. आमसूल इथलंच आहे, त्याला हात लावायचा नाही.

श्रावणातल्या एका सकाळी ममताची आई कॉलेजच्या फाटकाशी उभी दिसली. कारखान्यातून खाडा करून आली होती. बाईंचा तास चालू होता म्हणून तिने मलाच सांगितलं. सावंतवाडीकडच्या नर्सिंगच्या शाळेतून फोन आला होता. दुसऱ्या यादीत ममताचं नाव लागलं होतं. आठवडाभरात हजर व्हायला हवं होतं आणि पोर जायला तयार नव्हती. आधी तिने आईला सांगितलंच नाही. पुन्हा फोन आला तेव्हा आईने घेतला. आता ती म्हणतेय की मला इथेच शिकायचं. आई म्हणाली, सर, तुम्ही सांगा बाईंना. माझ्याने त्यांना सांगवत नाही.

मी बाईंना वर्गाच्या दाराशी बोलावून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, उरलेला तास पूर्ण घेतला, ममतासकट. दुपारी तिची एस.टी. निघून गेल्यावर मला म्हणाल्या, स्कूटर काढा.

वालावलला पोचलो तेव्हा ममता विहिरीवर होती. आम्हाला बघून तिने घागर खाली ठेवली. बाईंनी तिला पडवीत आपल्याजवळ बसवलं आणि नर्सिंग नको का म्हणून विचारलं. ती म्हणाली, मला इतिहास आवडतो. बाई म्हणाल्या की मी ते विचारलं नाही.

"तुका नर्सिंग नको?"

ममता बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. मग म्हणाली, "व्हया."

"मगे?"

"मी गेलंय तर चारच रवतले. वर्ग बंद पडतलो."

बाईंनी छत्री एका बाजूला ठेवली. "पडू दी. तो वर्ग माझो. तुज्या खांद्यार मी तो कित्याक ठेवू?"

ममता रडायला लागली. आई दारात उभी राहून पदराने हात पुसत होती, जे मुळात कोरडेच होते. बाईंनी तिच्याकडे चहा मागितला, साखर कमी घालायला सांगितली, आणि तो होईपर्यंत ममताला विचारत बसल्या की नर्सिंगला काय काय शिकवतात, पहिल्या वर्षी इंजेक्शन द्यायला देतात का, गणवेश कोणत्या रंगाचा असतो. अशा विचारत होत्या की जणू त्यांनाच प्रवेश घ्यायचा होता.

परत येताना वाटेत पुलावर त्यांनी थांबायला सांगितलं. खाली खाडी भरतीला लागली होती. एक होडी काठाने हळूहळू वर सरकत होती आणि पाऊस नुकताच थांबल्यामुळे पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं. बाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. मी विचारलं, काय वजा करताय. म्हणाल्या, काही नाही, नुसती बघतेय.

दुसऱ्या दिवशी ममताच्या दाखल्यासाठी त्या स्वतः ऑफिसच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. आमचे हेडक्लार्क जुने. त्यांनी चष्मा काढून विचारलं की बाई, हा दाखला दिला की काय होईल, हे तुमच्या लक्षात आहे ना. बाई म्हणाल्या की पाचातून एक मलाही वजा करता येतो. तुम्ही शिक्का मारा.

गणपती होऊन गेल्यावर विषय बंद झाल्याची सूचना फळ्यावर लागली. क्रिकेटवाला मुलगा माझ्याकडे आला. तो आता मागच्या बाकावर बसून ताळेबंद चुकवतो. लग्न ठरलेल्या मुलीने मराठी घेतलं. बाईंना निवृत्तीपर्यंत हॉटेलच्या कोर्सला 'कोकण परिचय' शिकवायला दिलं, आठवड्यातून दोन तास. त्याच वर्गात, त्याच काउंटरच्या मागे. त्यांनी तक्रार केली नाही. उलट कोर्सची मुलं मला सांगतात की बाई मजेशीर आहेत, मेनूकार्ड हातात दिलं की त्यातलं अर्धं खोडून परत देतात. पण उरलेल्या वेळात त्या स्टाफरूममध्ये बसून असतात. कोणी बोलायला आलं तर बोलतात. कपाट उघडतात, बंद करतात. मी तासाला निघालो की कोणता धडा म्हणून विचारतात, आणि मी घसारा म्हटलं की छान म्हणतात.

शनिवारी मात्र दुपारच्या एस.टी.ने त्या कुडाळला जातात. कशाला म्हणून विचारलं तर चहा पावडर आणायला. मालवणातल्या पावडरीला दम नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्यांच्या मानाने ही अगदीच साधी लहर होती.

मागच्या महिन्यात माझी बहीण रेल्वेने येणार होती. तिला घ्यायला मी कुडाळला गेलो होतो. गाडीला उशीर होता म्हणून चहा प्यायला एस.टी. स्टँडवर गेलो, तर शेवटच्या बाकावर परेराबाई दिसल्या. शेजारी ममता. अंगात नर्सिंगचा गणवेश, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर एक नवीनच जबाबदारी. शनिवारी ती सावंतवाडीहून घरी येते आणि इथे वालावलच्या एस.टी.ची वाट बघते, हे मला तेव्हा कळलं. बाईंनी ब्लाउजची बाही वर सारली होती आणि ममता त्यांच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळत होती. तिला सराव हवा होता. आजूबाजूची माणसं टोपल्या-पिशव्या सोडून कौतुकाने बघत होती.

मी खांबाच्या अलीकडे थांबलो. ममताने कानाला नळ्या लावल्या, फुगा दाबला, काट्याकडे बघत हवा सोडली आणि समाधानाने मान हलवली. मग पट्टा काढून तिने बाईंचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजली.

"बरोबर आसा?" बाईंनी विचारलं.

"एकदम बरोबर."

"तरी पुन्ना एकदा बघ. घाय नाय माका."

ममताने पुन्हा बोटं ठेवली. इतका वेळ बाई तिच्या घड्याळाकडे बघत होत्या, आता तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. फलाटाला वालावलची एस.टी. लागली, माणसं उठली, कंडक्टरने दारातून गावांची नावं पुकारली. ममताने मान वर करून एकदा एस.टी.कडे पाहिलं. हात मात्र सोडला नाही.